भरल्या पोटी शिकार

तुम्ही पाळलेलं मांजर, किंवा पाळलेलं नाही पण रोज ज्याच्यापुढे वाटी सरकवता ते मांजर, तुम्ही हे वाचत असताना कुठे आहे?

तुमच्या मांडीवर किंवा खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर असेल तर प्रश्न मिटला. पुढचं वाचलं नाहीत तरी माझी तक्रार नाही. पण "असेल इथेच कुठेतरी" असं उत्तर तुमच्या मनात आलं असेल, तर ते 'कुठेतरी' म्हणजे काय हे मला सांगायचं आहे. पुण्याजवळच्या चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीपुरतं मला ते नीट माहीत आहे. पार्किंगची भिंत ओलांडली की मुरमाचा एक ढीग लागतो. ते तिथे असतं.

मी पत्रकांवर वाढले. आम्ही आधी काळेवाडीत दोन खोल्यांत राहायचो. इतरांच्या पलंगाखाली ट्रंका असतात, आमच्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. पप्पा चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. जेवण झालं की पाट ओढून घ्यायचे, त्यावर कागद ठेवायचे आणि हातानं लिहायला बसायचे. शाळेत मी अजून सोप्या धड्यांवर होते, तेव्हा 'पिळवणूक' आणि 'बडतर्फ' हे शब्द मला न अडखळता वाचता येत होते. सकाळी पप्पा गेटवर ती पत्रकं वाटायचे, आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे.

त्या पत्रकांतून मी एक गोष्ट शिकले. ती मला देवासारखी खरी वाटायची. माणूस वाईट नसतो, भूक वाईट असते. वस्तीत चोरी झाली, गल्लीत मारामारी झाली, की पप्पा विचारायचे, "त्याच्या घरी चूल पेटली होती का, ते बघा आधी." भरल्या पोटी कोणी कोणाच्या जिवावर उठत नाही, असं ते म्हणायचे. हे म्हणताना त्यांच्या आवाजात इतकी खात्री असायची की आईसुद्धा भाकरी थापायची थांबायची.

पुढे कंपनीनं पप्पांच्या शॉपची लाईन दुसऱ्या राज्यात हलवली आणि पप्पा घरी बसले. त्याच सुमाराला आम्ही चऱ्होलीला राहायला गेलो. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, समोर आणखी इमारती, त्यांच्या पलीकडे अर्धवट इमारती. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मात्र एक रिकामा प्लॉट दिसतो. तिथे बिल्डरची पुढची इमारत होणार होती. त्यासाठी आणलेला मुरूम त्यानं ओतून ठेवला आणि काम थांबलं. जेसीबीनं एका बाजूनं तो ढीग उभा कापला होता, सुरीनं ढोकळा कापावा तसा. त्या कापलेल्या बाजूला एका मार्चमध्ये मला भोकं दिसली.

वेडे राघू आले होते. ज्यांनी हा पक्षी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवागार, डोकं तांबूस, आणि शेपटीच्या मधून सुईसारखी लांब पिसं निघालेली. तो वायरवर बसतो, उडत्या माशीवर झेप घेतो, परत त्याच जागी येतो आणि ती माशी वायरवर आपटून आपटून मग गिळतो. घरटं मात्र झाडावर करत नाही. मातीच्या उभ्या कडेत चोचीनं कोरत, पायांनी माती मागे फेकत तो हातभर लांब बीळ काढतो, आणि त्याच्या टोकाला अंधारात पिल्लं वाढतात.

आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशी मूळच्या चऱ्होलीच्या. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्याच घरानं विकलेली. मी त्यांना खिडकीतून ढीग दाखवला तर म्हणाल्या, "व्हय, ही पाखरं आधीपासनं हायत. वढ्याच्या दरडीत ऱ्हायची. ती दरड आता तुमच्या लिफ्टखाली गेली." आणि हसून किटली उचलून गेल्या. दरड गेली तर या पक्ष्यांनी मुरमाचा ढीग शोधला. यांचा हट्ट आपल्या लोकांसारखाच आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं. काळेवाडी परवडेना म्हणून चऱ्होली, चऱ्होली परवडेना की आणखी पुढे.

पप्पांना ते फार आवडले. सकाळी चहाचा कप घेऊन ते खिडकीशी उभे राहायचे. पक्ष्यांची वर्दळ उन्हं यायच्या आधीच सुरू व्हायची.

"फर्स्ट शिफ्टवाले आले बघ," ते म्हणायचे. "लेट मार्क नाही कुणाला."

घरी बसल्यापासून पप्पा फार कमी बोलत होते. त्या पक्ष्यांमुळे सकाळची दोन वाक्यं तरी व्हायला लागली.

मांजरं आमच्याकडे उंदरांमुळे आली. पार्किंगमध्ये उंदीर गाड्यांच्या वायरी कुरतडायचे. सकाळी कामाला निघालेल्या माणसाची गाडीच सुरू व्हायची नाही, आणि कंपनीची बस निघून जायची. तेव्हा चेअरमननी चाकणच्या कुठल्याशा कॅन्टीनमधून एक कबरी मांजर पोत्यात घालून आणली. कॅन्टीनमध्ये वाढलेली, चांगली दांडगी. महिनाभरात उंदीर दिसेनासे झाले आणि सगळ्यांनी चेअरमनची पाठ थोपटली. कबरीला पिल्लं झाली. त्या पिल्लांना पिल्लं झाली. तेव्हाही कोणाला काही वाटलं नाही, उलट पोरांनी त्यांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले.

पार्किंगमध्ये लिफ्टच्या शेजारी एक खांब आहे. पप्पा रोज संध्याकाळी त्या खांबाशी मांजरांना जेवू घालायला लागले. घरातला भात, त्यावर दूध, बुधवार-रविवारी माशांची डोकी. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी कंपनी सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. मांजरं पायांत घोटाळायची आणि पप्पा त्यांना ओळीत बसवायचा प्रयत्न करायचे.

"ए, रांगेत. सगळ्यांना मिळणार आहे. धक्काबुक्की नाही करायची."

जेवून झालं की मांजरं तोंड पुसत भिंतीवर चढायची आणि पलीकडे उतरायची. पलीकडे काय आहे ते मी वर सांगितलं आहे.

पहिल्यांदा मी पिसं पाहिली. भिंतीच्या कडेला बुलबुलाची, मग शिंप्याची, एकदा दयाळाचा अख्खा पंख. मी पप्पांना म्हटलं, ही मांजरं पाखरं मारतात. ते म्हणाले, "उपाशी असतील तेव्हा मारली असतील. म्हणून तर घालतो ना खायला. पोट भरलं की कशाला मारतील?" मला ते पटलं. पटणारच होतं, मी त्याच वाक्यावर मोठी झाले होते. मीसुद्धा उरलेली चपाती कुस्करून त्यांच्याकडे द्यायला लागले.

मागच्या एप्रिलमधली एक संध्याकाळ. पप्पांनी जेवण घातलं, मी तिथेच उभी होते. कबरी सगळ्यात जास्त खाणारी, तिनं दोघांच्या वाटचं खाल्लं. मग ती भिंत चढून गेली. मी सहज मागच्या गेटनं प्लॉटवर गेले. बिळांत तेव्हा पिल्लं होती. आतून बारीक किलबिल ऐकू यायची, आणि आई-बाप चोचीत चतुर धरून आळीपाळीनं आत-बाहेर करत होते. कबरी ढिगाच्या वरच्या कडेला बसली होती, बरोबर एका बिळाच्या डोक्यावर. हलत नव्हती. तिच्या मिशीला दुधातला भात चिकटलेला मला दिसत होता.

पक्षी आत गेला. कबरीनं पंजा कडेवरून खाली सोडला, अगदी आरामात, खाटेवरून हात लोंबकळावा तसा. पक्षी बाहेर आला आणि तिनं तो हवेतच खाली दाबला.

मी ओरडले, धावले. ती त्याला तोंडात धरून थोडी लांब गेली आणि तिनं त्याला मुरमावर टाकलं. खाल्लं नाही. पंजानं उलटापालटा केला, हलतोय का ते पाहिलं, हलायचा थांबल्यावर तिथेच सोडून निघून गेली. तिला भूक नव्हती. भूक नव्हती आणि तरी तिनं मारला. इतक्या वर्षांच्या पत्रकांत या गोष्टीला एकही ओळ नव्हती.

तो पक्षी मी हातरुमालात घेऊन वर आले. पप्पा टीव्ही बघत होते.

"पप्पा, हा बघा. कबरीनं मारला. तुमच्या भातानंतर."

त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "खेळता खेळता झालं असेल."

"ह्याला खेळ म्हणतात?"

"अगं, तिला काय कळतं? मुकं जनावर आहे."

"तिला कळत नाही, मान्य. तुम्हाला तर कळतं ना?"

"मग काय करू? उपाशी मारू तिला? तुझ्या पाखरासाठी?"

आई आतून म्हणाली, "तुमची दोघांची गेट मीटिंग संपली असेल तर ताटं घ्या." आम्ही जेवलो.

मी एका पशुवैद्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, शिकार आणि भूक ही मांजरात दोन वेगळी बटणं आहेत. हलणारं काही दिसलं की एक दाबलं जातं, दुसऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. जेवू घातल्यानं शिकार थांबत नाही. पोसल्यानं मांजरं जास्त जगतात, जास्त वितात, आणि जास्त मांजरं म्हणजे जास्त शिकार. उपाय काय, विचारलं. सगळ्यांचं नसबंदीचं ऑपरेशन करा, पाळलेलं असेल ते घरात ठेवा. एवढंच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग आमच्या घरात जे होतं तेच मी केलं. पत्रक लिहिलं. पप्पांच्याच पाटावर बसून, हातानं. रहिवासी बंधू-भगिनींनो, आपण ज्यांना जेवू घालतो ती मांजरं जेवून कुठे जातात हे आपण पाहिलं आहे का, अशी सुरुवात केली. पलीकडच्या ढिगात पिल्लं आहेत, ती उडायला अजून काही आठवडे आहेत, तेवढे दिवस तरी आपली मांजरं बंद ठेवू, सगळ्यांनी मिळून त्यांची ऑपरेशनं करू, असं लिहिलं. पप्पांचं नाव त्यात नव्हतं, पण खांबाचा उल्लेख होता. झेरॉक्स काढून प्रत्येक दाराखालून सरकवलं. आमच्याही दाराखालून सरकवलं, कारण नियम सगळ्यांना सारखा.

पप्पांनी ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी 'उल्लेखनीय' शब्द काढून टाक. पत्रकात असले शब्द चालत नाहीत." बाकी काही नाही.

रविवारी सकाळी चेअरमननी पार्किंगमध्ये बैठक बोलावली. आमच्याकडे रविवारची सकाळ एवढीच अशी वेळ असते की तिन्ही पाळ्यांची माणसं एका ठिकाणी जागी सापडतात. वीसेक खुर्च्या टाकल्या होत्या. मांजरं गाड्यांच्या टपांवर बसून बघत होती.

चेअरमन म्हणाले, "मॅडमनी पत्रक काढलंय. वाचलं असेल सगळ्यांनी. आता मुद्दा असा की खांबाशी जेवण घालणारे आपले एकच ज्येष्ठ नागरिक आहेत..." आणि त्यांनी पप्पांकडे पाहिलं.

तळमजल्यावरच्या लातूरकडच्या काकू मध्येच म्हणाल्या, "एकच कशानं? मी रोज सकाळी दूध घालते की. यांचा डबा झाला की पहिलं तेच काम माझं."

पहिल्या मजल्यावरचा सेकंड शिफ्टचा मुलगा चकित होऊन बघत होता. "काकू, तुम्ही घालता? मी रात्री येताना कॅन्टीनमधल्या चपात्या आणतो ना यांच्यासाठी. मला वाटायचं बिचाऱ्यांना कोणीच बघत नाही."

"मला पण तेच वाटायचं रे."

मागून कोणीतरी म्हणालं, "भावा, मी पहाटे फर्स्टला जाताना बिस्किटं टाकतो." आणखी एकजण म्हणाला, जनरल शिफ्टवरून आलो की पॅकेटमधलं मांजराचं खाणं मीच ठेवतो, ते काय आपोआप येतं का?

हसायला लागले सगळे. "म्हणजे ही तिन्ही शिफ्टला जेवतात राव," सेकंडवाला म्हणाला. "आपल्याला कंपनीत एक टाइम मिळतो, तोही थंड."

"ओव्हरटाइम पण लागत असेल," कोणी म्हणालं आणि पुन्हा हशा झाला.

मी हसले नाही. पप्पाही हसले नाहीत. त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं की त्यांना काय लागलं. त्यांना वाटत होतं, या मांजरांना त्यांच्याशिवाय कोणी नाही. तिथे बसलेल्या प्रत्येकालाच तसं वाटत होतं. एकाच इमारतीत राहणारी माणसं, शिफ्टनं अशी वाटून टाकलेली की एकमेकांच्या वाट्या दिसल्या नव्हत्या. कोणी येतंय तेव्हा दुसरा बसमध्ये, दुसरा उतरतोय तेव्हा तिसरा झोपेत. त्या खांबाशी सोसायटीतली सगळ्यात मोठी सामुदायिक पंगत चालू होती आणि वाढणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

मी उभी राहिले. म्हटलं, मग आता ठरवू या. पंगत एकदाच. वेळ ठरलेली, मांजरं ठरलेली, आणि दर आठवड्याला एकीचं ऑपरेशन, सगळे मिळून.

"मी दूध बंद करणार नाही बाई," काकू म्हणाल्या. "बाकीच्यांनी बंद करावं."

"मग मीच का बंद करू?" बिस्किटवाला.

सोसायटीच्या पुढच्या गाळ्यात चाचांचं गॅरेज आहे. त्यांची पांढरी मांजर दिवसभर टायरांच्या चळतीवर असते. ते म्हणाले, "बेटा, तुझं खरं आहे. पण माझी तर घरची आहे. ती असलं करत नाही."

"चाचा, मी तिला ढिगावर बघितलंय."

"फिरायला जात असेल." ते इतकं मायेनं म्हणाले की मी खाली बसले.

ऑपरेशनसाठी मांजरं कोण पकडणार यावर अर्धा तास गेला. कोणाला सुट्टी नव्हती, कोणाला ओरखड्यांची भीती होती. शेवटी चेअरमन म्हणाले, "एवढं कशाला? पोत्यात घालू आणि आळंदीच्या रस्त्याला नदीकडे सोडून देऊ. तिकडे मोकळी जागा आहे. मॅडमची पाखरं पण वाचतील."

मी म्हटलं, "तिकडे मोकळी जागा आहे म्हणजे तिकडे पाखरं आहेत. टिटव्या जमिनीवर अंडी घालतात तिथे. आणि ही कॅन्टीनची मांजरं नदीवर काय करतील?"

"तुम्हाला हेही नको, तेही नको," चेअरमन म्हणाले. "तुमचं पत्रक वाचूनच हे चाललंय ना?"

हात वर करून मतं घेतली. पोत्याच्या बाजूनं बहुमत झालं. पप्पांनी हात वर केला नाही, मी विरोधात केला. जेवू घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पोत्याला मत दिलं, हे मी विसरणार नाही. डोळ्यांसमोर उपाशी ठेवणं त्यांना जमत नव्हतं. नजरेआड जमत होतं.

पुढच्या आठवड्यात दोन-तीन मांजरांना पोत्यात घालून नेलं. कबरी सापडलीच नाही. जी नेली त्यांच्या जागी दोन अनोळखी मांजरं दिसायला लागली. शेजारच्या सोसायटीनंही तोच ठराव केला होता, फक्त त्यांची मोकळी जागा म्हणजे आमचा प्लॉट होता.

तोवर ढिगातली बरीच बिळं गप्प झाली होती. किलबिल एकाच बिळातून येत होती, उजव्या कोपऱ्यातल्या. त्या बिळाचे आई-बाप दोघं जिवंत होते. मला आता बाकी काही नको होतं. हे एक बीळ निभावलं पाहिजे, एवढंच.

एक दिवस सकाळी मी खाली उतरले तर पप्पा प्लॉटवर होते. कोयता घेऊन त्यांनी ओढ्याकडच्या बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या होत्या. हात ओरखडलेले. ढिगाच्या वरच्या कडेला ते त्या रोवत होते, बिळाच्या डोक्यावर मांजराला बसता येणार नाही अशा.

"खालून धर," मला म्हणाले. "नुसतं पत्रक काढून चालत नाही. वाटून झाल्यावर गेटवर थांबावं लागतं."

आम्ही दोघांनी ते कुंपण केलं. चाचांनी गॅरेजमधली जुनी जाळी दिली. तीही लावली, पण आई-बाप पक्षी तिला बुजले आणि वायरवरच बसून राहिले, म्हणून लगेच काढली. काटे राहिले. काट्यांना पक्षी बुजले नाहीत. पप्पा दिवसातून चार-सहा फेऱ्या मारायचे. दुपारच्या उन्हातही डोक्याला टॉवेल गुंडाळून जायचे, आणि आई म्हणायची, "कंपनीला एवढा खाडा न करता गेला असतात तर मॅनेजर झाला असतात." संध्याकाळी खांबाशी जेवण घालणं मात्र त्यांनी थांबवलं नाही. मी त्यावरून भांडले नाही. मला वाटलं, काटे आहेत.

पिल्लं मोठी झाली आणि बिळाच्या तोंडाशी येऊन वाट पाहायला लागली. तीन डोकी कधी कधी एकदम दिसायची. अजून तांबूस रंग नव्हता, शेपटीची सुई नव्हती, पण डोळ्यांवरची काळी रेघ आली होती. पप्पांनी फोनमध्ये त्यांचा फोटो काढला आणि त्यांच्या जुन्या कंपनीतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर ते काही टाकत नसत.

मे संपत आला होता. त्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर पप्पांनी आधी खांबाशी जेवण घातलं, मग आम्ही दोघं मागच्या गेटनं गेलो. पहिलं पिल्लू बिळाच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. आई-बाप वायरवरून हाका मारत होते, चोचीत माशी होती पण घेऊन येत नव्हते. यायचं तर बाहेर ये, असं. पिल्लानं उडी मारली. उडालं म्हणता येणार नाही, पंख मारत तिरकं खाली आलं आणि आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर मुरमावर टेकलं. तिथून उठून वायरपर्यंत जायला त्याला थोडा वेळ हवा होता. सगळ्यांनाच लागतो. तेवढाच हवा होता.

आम्ही काटे वर लावले होते. कबरी खाली होती, ढिगाच्या पायथ्याशी वाळलेल्या गवतात. आम्ही तिथला विचारच केला नव्हता.

पप्पा धावले. त्यांच्या गुडघ्यांना धावणं झेपत नाही, तरी धावले आणि वाटेत पडले. मी पोचेपर्यंत संपलं होतं. दुसरं पिल्लू त्या गडबडीत बिळातून बाहेर पडलं, ते गवतापलीकडे उतरलं आणि शेजारच्या सोसायटीच्या अनोळखी मांजरांपैकी एकानं ते उचललं. तिसरं आतच राहिलं. आई-बाप दोन दिवस वायरवर होते, पण बिळाकडे आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आतून आवाज यायचा थांबला.

पप्पांना मी हात देऊन उठवलं. पँटला मुरूम लागला होता, तळहात सोलले होते. कबरी भिंतीवर बसून पंजा चाटत होती. पप्पा तिच्याकडे पाहत म्हणाले, "तिचं पोट भरलेलं होतं. मीच भरलं होतं आत्ता."

मला माझं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता, असं काहींना वाटेल. मला माझ्या बापाचा चेहरा पाहवत नव्हता. चाळीस वर्षं एक माणूस एका वाक्यावर उभा होता. त्या वाक्यासाठी निलंबित झाला होता, पोलिसांचा मार खाल्ला होता. माणसांच्या बाबतीत ते वाक्य अजूनही खरं आहे, मी ते सोडलेलं नाही. पण ते मांजरांना लावून आम्ही मुरमाच्या ढिगातलं सगळं गाव संपवलं. दरड बिल्डरनं घेतली, ओढा सिमेंटनं घेतला, आणि त्यातून जे थोडं उरलं होतं ते आम्ही चांगल्या मनानं, दूधभात कालवून घेतलं. मांजराचा दोष नाही. ते जंगलातलं नाही, आपणच आणलं, आपण पोसलं, आपण सोडलं. त्याच्या प्रत्येक शिकारीत आपला वाटा आहे आणि तो वाटा दयेच्या नावानं जमा होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पप्पा भाताचं पातेलं घेऊन दारात उभे होते. जाऊ की नको असे. मी म्हटलं, जा. ते म्हणाले, "उपाशी कसं ठेवू?" आणि गेले. परत आल्यावर कबरीला घेऊन मी डॉक्टरांकडे जाणार का, असं त्यांनीच विचारलं. तिला पकडायला आम्हाला महिना लागला. ऑपरेशन झालं. ती एक झाली. पार्किंगमध्ये आता तिची नातवंडं-पतवंडं आहेत, आणि ती कोणाची आहेत असं विचारलं तर कोणाचीच नाहीत. काकूंचं दूध चालू आहे. बिस्किटं चालू आहेत. चाचांची पांढरी फिरायला जाते.

यंदा मार्चमध्ये वेडे राघू आले. एक जोडी. आठवडाभर वायरवर बसली, ढिगाकडे पाहिलं, एकदा कडेला चोच मारून पाहिली. मग दिसली नाही. ते पुढे कुठे गेले असतील? चाकणपर्यंत सगळीकडे असाच मुरूम आहे, अशाच सोसायट्या आहेत आणि प्रत्येकीत असा एक खांब आहे. माझा फारसा विश्वास उरलेला नाही. पत्रक वाचून माणसं बदलतात हे मी ज्या घरात शिकले त्या घरातच एक माणूस बदलायला तीन पिल्लं लागली, आणि तोही अर्धाच बदलला.

तरी लिहिते आहे, कारण तुमच्या इमारतीमागचा ढीग, दरड किंवा कुंपणाकडेची झुडपं कदाचित अजून गप्प झाली नसतील. तुम्ही ज्या जागी वाटी ठेवता तिथे येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी खुर्ची टाकून बसा आणि संध्याकाळपर्यंत उठू नका. जो कोणी खाणं घेऊन येईल त्याला थांबवा, बसवून घ्या. सगळे जमले की एवढंच ठरवा, पहिल्या मांजरीला ऑपरेशनसाठी कोण नेणार आणि कोणत्या वारी. ते ठरल्याशिवाय कोणाला जाऊ देऊ नका. आणि तुमच्या स्वतःच्या घरात मांजर असेल तर त्या सुट्टीचीही वाट पाहू नका. आता उठा, त्याला आत घ्या आणि दार लावा.